पोटॅशियम मी डोळ्यांनी पाहिलं!

तुमच्या घरात कुठेतरी, बहुतेक कपाटातल्या फाइलमध्ये, कुणाचा तरी जुना कार्डिओग्राम पडलेला असेल. गुलाबी चौकटींचा कागद आणि त्यावरून धावणारी काळी नागमोडी रेघ. हा लेख वाचायच्या आधी तो शोधून समोर ठेवा. गेले काही महिने मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, स्टाफरूममध्ये, जिन्यात, लोकलच्या लेडीज डब्यात: त्या रेघेत नुसते हृदयाचे ठोके नसतात, त्यात रक्तातले क्षार असतात. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. बघायला शिकलं की ते दिसतात. खरोखर दिसतात!

मी मुलुंड पूर्वेला मिठागर रोडजवळ राहते आणि ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पोटॅशियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे, ज्योतीच्या परीक्षेत त्याची फिकट जांभळी झाक मुलांना दाखवली आहे. पण तेच पोटॅशियम माणसाच्या छातीवर चिकटवलेल्या तारांमधून कागदावर उतरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात ते सगळं होतं, कित्येक दशकांपासून होतं. माझ्यासाठी मात्र ते एका रात्रीत जन्माला आलं.

माझे मामा घाटकोपरला राहतात. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. गणपतीचे दिवस होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, विसर्जनाची गडबड, आणि शनिवारची पाळी राहिली. त्यात प्रसादाची केळी, कुणीतरी मायेनं आणलेलं शहाळं. सोमवारी रात्री मामीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अगं, यांचे पाय उचलत नाहीत. जिन्यात मधेच बसलेत. छातीत दुखत नाही म्हणतात, पण मला काही बरं दिसत नाही."

रुग्णालयात पोचल्या पोचल्या टेक्निशियननं छातीवर सहा आणि हातापायांना चार तारा लावल्या, कागद सर्रकन बाहेर आला. तिथली तरुण डॉक्टर तो हातात घेऊन क्षणभर गप्प झाली. मशीननं वर छापलेला ठोक्यांचा आकडा तिनं पाहिला, मामांच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. नाडी छापलेल्या आकड्याच्या निम्मी होती. मग ती सिस्टरना म्हणाली, "कॅल्शियम ग्लुकोनेट काढा. लगेच."

रक्त तर आत्ताच कुठे तपासणीला गेलं होतं! मी न राहवून विचारलं, "रिपोर्ट यायच्या आधीच?"

तिनं कागद माझ्यासमोर धरला. "रिपोर्ट हाच आहे, मॅडम. हे टोक बघा."

ते टोक मी विसरणार नाही. निरोगी कार्डिओग्राममध्ये प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटा उंचवटा येतो, ती पी लहर. मग एक उंच, अरुंद सुळका, तो क्यूआरएस. आणि शेवटी एक सावकाश चढणारी, जरा लवकर उतरणारी टेकडी, ती टी लहर. मामांच्या कागदावर पी जवळजवळ पुसली गेली होती. सुळका रुंद होऊन सुस्तावला होता. आणि टी? टी लहर तंबूसारखी उभी होती, दोन्ही बाजू सारख्या, बूड अरुंद, वर टोकदार. इतकी उंच, की मशीननं तिलाही एक ठोका समजून मोजलं होतं. म्हणून आकडा दुप्पट! यंत्र फसलं, आणि त्या मुलीनं मनगटावर दोन बोटं ठेवून त्याची चूक पकडली. माझ्या मनात त्या क्षणी तिच्याबद्दल जो आदर दाटून आला, तो अजून तसाच आहे.

इंजेक्शन शिरेतून हळूहळू जात होतं आणि आम्ही मॉनिटरकडे बघत होतो. काही मिनिटांच्या आत तो रुंद, आळसावलेला सुळका बारीक होऊ लागला. माझ्या डोळ्यांसमोर! हरवलेला पीचा उंचवटा परत डोकावला. तेवढ्यात ती सांगत होती, की या औषधानं पोटॅशियम कणभरही कमी होत नाही. ते फक्त हृदयाला सावरून धरतं, अर्धा ते एक तास. तेवढ्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं, दमेकरी घेतात तेच साल्ब्युटामॉल वाफेवाटे द्यायचं, तेही तेच काम करतं, आणि मग ते शरीराबाहेर काढायला डायलिसिस. रक्ताचा आकडा नंतर आला: सातच्या वर. हवं साडेतीन ते पाच.

मामा पहाटे डायलिसिसला गेले, दुपारी चहा मागत परत आले. त्यानंतर काढलेला कार्डिओग्राम मी रात्रीच्या कागदाशेजारी ठेवला. हे दोन कागद एकाच माणसाचे आहेत असं कुणी म्हणणार नाही. तंबू विरघळून पुन्हा टेकडी झाली होती. आणि या दोन कागदांमध्ये काय बदललं होतं? हृदय तेच, झडपा त्याच, रक्तवाहिन्या त्याच. बदललं होतं ते एका लिटर रक्तद्रवातलं जेमतेम तीन मिलिमोल पोटॅशियम. ग्रॅमच्या आठव्या भागाइतकं!

इथून पुढे मला झोप नाही.

कारण त्या दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी औषधांच्या पावतीच्या पाठीवर एक गणित केलं, आणि ते गणित मी दरवर्षी बारावीला शिकवते. नर्न्स्टचं समीकरण! वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानं ते १८८९ मध्ये मांडलं, १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच. पडद्याच्या एका बाजूला एखाद्या आयनाची संहती जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर त्यातून किती विद्युत दाब निर्माण होतो ते हे समीकरण सांगतं. आम्ही मुलांना जस्त-तांब्याचा घट देतो, ती बिचारी लॉगॅरिदमचं पुस्तक चाळतात, उत्तर काढतात, गुण मिळवतात. पण खरा घट तर त्या मुलांच्या बरगड्यांच्या आत धडधडत असतो!

बघा ना. हृदयाच्या पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला साधारण १४० मिलिमोल, बाहेर ४. शरीराच्या तापमानाला समीकरणातला गुणक ६१.५. उत्तर येतं उणे ९५ मिलिव्होल्ट. विश्रांतीत असलेल्या हृदयपेशीचा मोजलेला दाब असतो उणे ९० च्या आसपास. इतकं जवळ! आता बाहेरचं ४ खोडून ७ लिहा. उणे ८०. आणि जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाचं २.५ घाला: उणे १०७.५. पेशीच्या आतल्या १४० मध्ये दोनचारांचा फरक पडला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण बाहेर दोनाचा फरक पडला की अख्खा घट डळमळतो. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं आहे, बाहेर उरलेल्या दोन टक्क्यांवर सगळा कारभार. मूत्रपिंडं रात्रंदिवस राखतात ते हे दोन टक्के.

पण दाब उणे ९५ चा उणे ८० झाला म्हणून सुळका रुंद का व्हावा? या प्रश्नानं मला पुढचे कित्येक दिवस धरून ठेवलं. उत्तर मिळालं ते घाटकोपर स्टेशनवरच. संध्याकाळी वर्सोव्याहून येणारी मेट्रो रिकामी होते, तेव्हा सगळी गेटं चालू असतील तर गर्दी झटक्यात बाहेर पडते; निम्मी गेटं बंद असतील तर तीच गर्दी तेवढ्याच माणसांची असूनही बाहेर पडायला दुप्पट वेळ घेते. हृदयपेशीच्या पडद्यातही सोडियमची अशी दारं असतात. पडद्याचा दाब पुरेसा खाली असेल तरच ती पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. दाब वर चढून बसला की त्यातली बरीच बंदच राहतात, विजेची लाट एका पेशीतून दुसरीत रेंगाळत जाते, आणि कागदावर सुळका पसरतो. कर्णिकांच्या पेशी याला सर्वांत आधी बळी पडतात, म्हणून पी लहर आधी पुसली जाते. पोटॅशियम आणखी वाढत गेलं तर पसरलेला सुळका आणि टी लहर एकमेकांत मिसळून नुसत्या लाटा उरतात, आणि त्यानंतर हृदय थांबतं.

टी लहरीचं कोडं याहून सुंदर आहे. ती टेकडी म्हणजे ठोक्यानंतर पेशी पूर्वपदावर येण्याचा काळ. पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं तेव्हा पेशी शांत होते. बाहेर पोटॅशियम आधीच जास्त असेल तर आतलं बाहेर पडायला अवघड जायला हवं, नाही का? कुठलाही रसायनशास्त्राचा शिक्षक असंच म्हणेल. घडतं उलटं! बाहेरचं पोटॅशियम वाढलं की ज्या मार्गांनी ते बाहेर पडतं ते मार्गच जास्त खुले होतात. सगळ्या पेशी घाईनं, एकदमच शांत होतात, आणि सावकाशीची टेकडी आकसून तंबू होते.

मग मी मागे मागे जात राहिले. हे सगळं पहिल्यांदा पाहिलं कुणी?

रेघ ज्यानं नीट पकडली तो विलेम आइंटहोवेन, हॉलंडमधल्या लायडनचा, जन्म जावा बेटावरचा. त्यानं चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणला; हृदयाची वीज त्यातून गेली की धागा थरथरे आणि त्याची सावली फोटोच्या पट्टीवर उमटे. रुग्णानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. ते यंत्र पावणेतीनशे किलोंच्या घरातलं, चालवायला पाच माणसं. ते हलवता येईना, म्हणून १९०५ च्या सुमाराला दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेनं हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणली! पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्यानंच दिली. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. आज तेच काम घाटकोपरच्या गल्लीतल्या दवाखान्यात बॅगेत मावणारं मशीन करतं.

पण माझा जीव जडला तो सिडनी रिंगरवर. लंडनचा हा डॉक्टर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचे प्रयोग करत होता. हृदय छान धडधडत होतं. त्यानं तसं लिहूनही टाकलं. मग लक्षात आलं, की मदतनीसानं ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलंच नव्हतं, नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाण्यात करून पाहिलं तर हृदय थोड्याच वेळात थांबलं! लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि धडधड त्याच्या जोरावर चालली होती. १८८३ मध्ये रिंगरनं हे जसंच्या तसं छापलं, आणि मग प्रयोगामागून प्रयोग करून कॅल्शियम, पोटॅशियम आणि सोडियम यांचं प्रमाण बसवलं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमननं त्यात लॅक्टेट घातलं. आपल्याकडे वॉर्डात सिस्टर "एक आरएल लावा" म्हणते ना, ते रिंगर लॅक्टेट. मामांच्या शेजारच्या खाटेवर लटकलेली ती पिशवी बघून मला हात जोडावेसे वाटले.

आणि खेकडे! पेशीच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम, ही मांडणी टिकते कशी? पडद्यात एक पंप आहे, दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकणारा आणि दोन पोटॅशियम आत घेणारा. डेन्मार्कच्या आरहूस शहरात येन्स स्कौ यांनी तो शोधला, खेकड्यांच्या पायातल्या नसा कुटून. ते १९५७ साल. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. कोळणीकडच्या टोपलीत चिंबोरी वळवळताना दिसली की आता मला हा पंप आठवतो. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला पिवळी कण्हेर आहे, तिच्या बिट्ट्यांनी मुलं खेळतात. त्या झाडाचं विष नेमकं याच पंपाला अडवतं. त्या बिट्ट्या मुलांच्या हातून काढून घ्या, हे मी आमच्या मजल्यावर दारोदार जाऊन सांगितलं आहे.

आता मिठागरांबद्दल सांगते. कारण या शोधानं मला माझं मुलुंड नव्यानं दाखवलं.

आमच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ती मिठागरं द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, खाडीच्या कडेनं भांडुप, कांजूरमार्ग, घाटकोपरकडे पसरलेली. आता बरीचशी पडून आहेत, पण आगरात मीठ कसं पिकतं हे इथल्या जुन्या आगरी घरांना पाठ आहे. भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडायचं, उन्हानं ते आटत जातं. आटताना क्षार एकदम खाली बसत नाहीत, क्रमानं बसतात. आधी कॅल्शियमचे: चुनखडी, मग जिप्सम. त्यानंतर सोडियम, म्हणजे आपलं मीठ. आणि मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम! कार्डिओग्रामच्या पुस्तकात ज्या चार नावांची प्रकरणं आहेत तीच चार, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वाफ्यावाफ्यांत वेगळी होत आली आहेत. समुद्राच्या पाण्यात सोडियमचे कण पोटॅशियमच्या सुमारे पंचेचाळीस पट असतात, आपल्या रक्तात सुमारे पस्तीस पट. हा हिशोब जुळताना पाहिला आणि मी एकटीच मोठ्यानं "अरे!" म्हणाले.

या चौघांचे स्वभाव किती वेगळे आहेत! सोडियम सर्वांत जास्त, आणि कार्डिओग्रामवर त्याचा माग जवळजवळ नाहीच. रक्तातलं सोडियम फार घसरलं तर म्हातारं माणूस भलतंसलतं बोलू लागतं, ग्लानीत जातं, फिट येते; मेंदू हादरतो, रेघ मात्र जवळपास तशीच. कॅल्शियम टी लहरीच्या आकाराला फारसा हातच लावत नाही, ते तिच्या आधीच्या सपाट रेषेशी खेळतं. कमी झालं की ती सपाट रेषा ताणली जाते, टी दूर सरकते. जास्त झालं की रेषा आखडते, टी सुळक्याला येऊन भिडते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर बोटांना मुंग्या आल्या की कॅल्शियम घसरल्याची शंका येते, म्हणून त्या रुग्णाचा कार्डिओग्राम काढतात. आणि डी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मनानं घेत राहणाऱ्यांमध्ये याच्या उलट, वाढलेलं कॅल्शियम सापडतं. मॅग्नेशियम पडद्याआडचं आहे. ते कमी असेल तर मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत, कितीही भरा, गळून जातं. पॅरिसच्या दसेर्तेन नावाच्या डॉक्टरनं १९६६ मध्ये एक ताल वर्णन केला, ज्यात सुळके एका अक्षाभोवती पीळ घेत वरखाली होतात. दिसायला विलक्षण, आणि जीवघेणा. त्यावर पहिलं औषध मॅग्नेशियमचं इंजेक्शन.

पोटॅशियम कमी झाल्याची खूण मी स्वतः शोधून काढली, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कागदावर. त्यांना गॅस्ट्रो झाला होता, शिवाय बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी रोजची. दोन्हीतून पोटॅशियम जातं. अशक्तपणा इतका की भाजी चिरताना हात गळायचा. डॉक्टरांनी सगळं ओळखून औषध दिलं होतं, त्या बऱ्या झाल्या होत्या. मी फक्त जुना कागद बघायला मागितला. छातीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारेच्या पट्टीत टी लहर चपटी, आणि तिच्या मागे, जिथे सहसा काही ठळक दिसत नाही तिथे, आणखी एक टेकडी! यू लहर! पुस्तकातल्या चित्रासारखी! काकू घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी भयंकर निघालं. मी त्यांना पाटावर बसवून समजावलं. तेव्हापासून जुलाब झाले की त्या ओआरएसचं पाकीट आणतात, नुसतं लिंबू-साखर-मीठ घेऊन थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, ते उगाच नाही.

आणि आता या सगळ्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. ती आपल्या मुंबईच्या पावसाची आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कंबरेइतक्या पाण्यातून आपण सगळे चाललो, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत रुग्णालयं लेप्टोच्या रुग्णांनी भरली. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा जंतू पायाच्या जखमेतून शिरतो, यकृत आणि मूत्रपिंडं धरतो. मूत्रपिंडं बिघडली की पोटॅशियम वाढतं, हे मामांनी मला शिकवलं होतं. लेप्टोमध्ये कित्येकदा उलट होतं! मूत्रपिंड बिघडलेलं, क्रिएटिनिन चढलेलं, आणि तरी लघवी भरपूर आणि पोटॅशियम उतरलेलं. जंतूतला एक घटक स्कौंच्या त्याच पंपाला अडवतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मूत्रपिंडाच्या नळ्या क्षार परत ओढून घेऊ शकत नाहीत, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. आजार फार बळावून लघवी बंद झाली तर पुन्हा पारडं फिरतं, ते वर चढतं. म्हणजे वॉर्डात शेजारी शेजारी दोन खाटा, दोघांचीही मूत्रपिंडं गेलेली, एकाच्या कागदावर तंबू आणि दुसऱ्याच्या कागदावर चपटी टी. एकाला पोटॅशियम काढून वाचवायचं, दुसऱ्याला भरून! पावसाळ्यात आपल्या पालिका रुग्णालयांतले डॉक्टर हा भेद किती सहज हाताळत असतील, आणि आपण बाहेर रांगेत उभे राहून फक्त वेळ किती लागतोय म्हणत असतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. ऐका त्यांचं.

एक गोष्ट त्या तरुण डॉक्टरनं मला नीट बजावली, ती तशीच पुढे सांगते. कार्डिओग्राम बरोबर दिसला म्हणजे पोटॅशियम बरोबर आहे असं नाही. काही रुग्णांत आकडा धोक्याचा असतो आणि रेघ निष्पाप. उलट धडधाकट तरुणाची टी लहरही उंच असू शकते, हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही ती उंच होते. आणि रक्त काढताना नमुन्यातल्या पेशी फुटल्या किंवा पट्टा करकचून बांधून मूठ फार वळवली, तर कागदावरचा आकडाच खोटा वाढतो. म्हणून रक्ताची तपासणी आणि रेघ, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची असतात. वाचायची डॉक्टरांनी. पण बघायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही!

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नर्न्स्टचं समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी वर्गात एक कार्डिओग्राम लावा. मी यंदा लावला. नाव कापून मामांचे दोन्ही कागद लावले, मुलांना ४ आणि ७ घालून उत्तरं काढायला सांगितली, आणि मग विचारलं, यातला सातचा कागद कुठला? शेवटच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली.

आणि ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे त्यांना आणखी सांगते. डायलिसिसची पाळी सणासाठीही चुकवू नका. एका आड एक दिवसाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा खंड पडतोच, आणि त्याच्यानंतरच्या दिवशी मृत्यूंचं प्रमाण जास्त असतं हे अमेरिकेतल्या बत्तीस हजार रुग्णांच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं आहे. त्यात आपण आणखी एक पाळी सोडायची नाही. शहाळं, केळी, मोसंबीचा रस आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या. दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा: सोडियम काढून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलं, मूत्रपिंडाच्या रुग्णाला नाही. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा. बरा असतानाचा कार्डिओग्राम फोनमध्ये फोटो काढून ठेवा, रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरला तुलनेला तोच उपयोगी पडतो. आणि रुग्ण म्हणाला, पाय जड झालेत, जिना चढवत नाही, तर छातीत दुखत नसलं तरी सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री कार्डिओग्राम काढा.